मान्सूनची नाडी पाहणारा गणिती

जुलै महिना उजाडला, की भोरच्या एसटी स्टँडपासून बारामतीच्या बाजारापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो. भाटघर किती टक्के भरले? वेळवंडी नदीवरच्या या जुन्या दगडी धरणात सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी मावते. नीरेच्या डाव्या कालव्यावर पुरंदर, बारामती, इंदापूरची शेती उभी आहे, तर उजव्या कालव्यावर फलटण आणि माळशिरसची. त्यामुळे धरण भरल्याची बातमी आली की शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या ऊस आणि डाळिंबवाल्याचाही जीव भांड्यात पडतो.

धरणावरच्या अभियंत्याला मात्र दुसरीच काळजी असते. धरण लवकर भरून ठेवले आणि नंतर ढगफुटीसारखा पाऊस झाला, तर एकदम पाणी सोडावे लागते. ते वीर धरणातून नीरेत, नीरा-नरसिंहपूरला भीमेत आणि पुढे थेट पंढरपूरच्या वाळवंटात जाऊन पोहोचते. उलट पुराच्या भीतीने धरण रिकामे ठेवले आणि पावसाने पाठ फिरवली, तर उन्हाळ्यात टँकर लागतात. म्हणजे पुढे किती पाऊस होणार हे आधी कळले, तरच नीट निर्णय घेता येतो. हंगामी पावसाचा अंदाज कसा बांधायचा, याचे शास्त्र ज्या माणसाने भारतात राहून उभे केले, त्याचे नाव सर गिल्बर्ट वॉकर. भूगोलाच्या पुस्तकात वॉकर अभिसरण म्हणून त्याचा उल्लेख येतो. तो भारतात आला तेव्हा हवामानशास्त्राचे कसलेही शिक्षण त्याने घेतलेले नव्हते, आणि वीस वर्षे काम करून परत गेला तेव्हा अनेकांच्या लेखी तो अपयशी ठरला होता.

संकटानंतर आलेला पैसा

वॉकरची गोष्ट त्याच्या जन्मापासून सांगण्याआधी तो ज्या खात्यात आला त्या खात्याची जन्मकथा पाहावी लागते. ऑक्टोबर १८६४ मध्ये कोलकात्यावर भयंकर चक्रीवादळ आदळले आणि हजारो माणसे बुडाली. दोनच वर्षांनी ओरिसात दुष्काळ पडला. वादळाची सूचना देणारी आणि पावसाची पद्धतशीर नोंद ठेवणारी एकही अखिल भारतीय यंत्रणा तेव्हा नव्हती. या धक्क्यांनंतर सरकारने पैसा मंजूर केला आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला प्रमुख.

खाते बाळसे धरण्याच्या आतच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला. दख्खनमध्ये पावसाने दगा दिला, गुरे चाऱ्यावाचून मेली, माणसे खडी फोडायला रस्त्यांवर आणि कालव्यांवर गेली. नीरा कालव्याचे काम याच दुष्काळात लोकांना मजुरी देण्यासाठी सुरू झाले आणि त्या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी पुढे भाटघरचे पहिले धरण उभे राहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा करून दुष्काळाचे खरे रूप सरकारपुढे मांडले. देशभरात ५० लाखांहून अधिक माणसे मेली असे मानले जाते. आता सरकारला पाऊस पडून गेल्यावरचे आकडे पुरत नव्हते. पुढच्या पावसाचा अंदाज त्याला हंगामाआधी हवा होता.

ब्लॅनफर्डने हिमालयातल्या बर्फाकडे लक्ष दिले. हिवाळा-वसंतात तिथे बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा कमजोर जातो, असे त्याच्या नजरेला आले. त्यावर आधारून १८८६ पासून मान्सूनचे अधिकृत हंगामी अंदाज सुरू झाले. त्याच्या जागी आलेल्या सर जॉन एलियट यांनी हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडची माहितीही त्यात घेतली. पण १८९९ साली एलियटनी चांगल्या पावसाची अपेक्षा वर्तवली आणि त्याच वर्षी शतकातल्या अत्यंत वाईट अवर्षणांपैकी एक अवर्षण आले. मागोमाग छप्पनचा दुष्काळ. वर्तमानपत्रांनी खात्याची सालटी काढली. अखेर १९०२ ते १९०५ या काळात हे अंदाज गोपनीय ठेवले गेले. लोकांना दाखवायचीही लाज वाटावी, अशी त्या शास्त्राची गत झाली होती. निवृत्तीला आलेल्या एलियटनी आपल्या जागेसाठी जो माणूस निवडला, तो हवामानाच्या क्षेत्रातला नव्हताच.

भोवरे, बूमरँग आणि स्वित्झर्लंडचे हिवाळे

गिल्बर्ट थॉमस वॉकरचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल या गावी झाला. वडील अभियंता होते. पुढे कुटुंब लंडनजवळच्या क्रॉयडनला आले. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकताना मुलाला फिरणाऱ्या वस्तूंचे वेड लागले. भोवरा पडत का नाही, हा प्रश्न बहुतेक मुले दहा मिनिटांत विसरतात. वॉकरला तो जन्मभर पुरला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेल्यावर १८८९ मध्ये तो गणिताच्या परीक्षेत विद्यापीठात पहिला आला. या पहिल्या क्रमांकाला तिथे सीनियर रँग्लर म्हणत. पुण्यात रँग्लर परांजपे हे नाव ज्या परीक्षेमुळे घरोघरी पोहोचले, तीच ही परीक्षा.

त्या परीक्षेची तयारी म्हणजे वर्षानुवर्षांचा जीवघेणा अभ्यास. पहिला आल्यावर थोड्याच दिवसांत वॉकरची प्रकृती ढासळली. विश्रांती आणि मोकळी थंड हवा, एवढाच त्या काळचा इलाज. काही हिवाळे त्याने स्वित्झर्लंडमध्ये काढले. तिथे तो बर्फावर स्केटिंग करायला शिकला आणि त्यात पटाईत झाला. हळूहळू शरीर सावरले. अतिश्रमाने कोलमडलेला माणूस रोज थोडा वेळ खेळात रमला की पुन्हा उभा राहतो, हे आज आपण औषधांच्या चिठ्ठीवर लिहितो. वॉकरने ते स्वतःपुरते शोधून काढले आणि खेळाची साथ पुढे कधी सोडली नाही.

केंब्रिजला परतल्यावर तो ट्रिनिटीत शिकवू लागला. विद्युतचुंबकीय सिद्धांतावर त्याने मानाचे ॲडम्स पारितोषिक मिळवले. पण मित्रांमध्ये त्याची ओळख वेगळीच होती. कॉलेजमागच्या हिरवळीवर तो तासन्‌तास बूमरँग फेकत असे. फेकलेले बूमरँग वळून परत का येते, याचे गणित मांडणारा त्याचा निबंध १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला बूमरँग वॉकर असे टोपणनाव पडले ते त्यावरूनच. बासरीची रचना कशी सुधारावी, पक्षी पंख न हलवता वर कसे चढतात, असले प्रश्न त्याला सारख्याच आवडीचे.

असा माणूस एलियटनी का निवडला? हवामानाच्या आकड्यांचा डोंगर खात्याकडे साठला होता आणि त्यातून अर्थ काढणारे कोणी नव्हते. हे काम कसलेल्या गणितज्ञाचेच, हे त्यांनी ओळखले. वॉकर १९०३ मध्ये एलियटचा साहाय्यक म्हणून रुजू झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून भारतातल्या सर्व वेधशाळांचा महासंचालक झाला. त्याआधी त्याने युरोप-अमेरिकेतल्या वेधशाळा हिंडून पाहिल्या आणि नव्या विषयाची धुळाक्षरे गिरवली. वय होते ३५.

आकडेमोडीची वीस वर्षे

खात्याचे मुख्यालय १९०५ मध्ये कोलकात्याहून शिमल्याला हलले. तिथे वॉकरने पहिली गोष्ट केली ती माणसे मागण्याची. खाते फक्त रोजच्या नोंदी आणि तारा सांभाळत बसले तर पन्नास वर्षांनीही अंदाज सुधारणार नाहीत, संशोधनासाठी शिकलेली माणसे आणि त्यांना मोकळा वेळ हवा, हे त्याने सरकारला पटवून द्यायचा प्रयत्न चालू ठेवला. १९०६ मध्ये जॉर्ज सिम्पसन हा तरुण शास्त्रज्ञ त्याच्या हाताखाली आला. विजा चमकणाऱ्या पावसाच्या थेंबांवर विद्युतभार असतो का आणि कोणता, हे सिम्पसनने शिमल्यात मोजले. वादळी ढगात वीज कशी तयार होते यावरचे ते सुरुवातीचे महत्त्वाचे काम. पुढे आग्र्याला फुगे सोडून वरच्या हवेचा अभ्यास करणारी वेधशाळा निघाली.

वॉकरचा स्वतःचा मार्ग मात्र वेगळा होता. वातावरणाची समीकरणे सोडवून अंदाज करणे त्या काळी अशक्य होते. ना वरच्या हवेची माहिती, ना गणकयंत्र. मग त्याने प्रश्न उलटा धरला. मान्सून का बिघडतो हे आज कळत नसेल, तर निदान तो कशाबरोबर बिघडतो ते तरी पाहू. यासाठी त्याने सहसंबंध गुणांक हे तेव्हा नवे असलेले संख्याशास्त्रीय साधन उचलले. दोन गोष्टी किती प्रमाणात बरोबरीने वरखाली होतात, हे सांगणारा हा आकडा. पूर्ण साथ असेल तर १, काहीच संबंध नसेल तर शून्य, एक वाढताना दुसरी नेमकी घटत असेल तर उणे १. रक्तदाब आणि मीठ, धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग अशा जोड्या वैद्यकशास्त्रात याच जातीच्या साधनांनी तपासल्या गेल्या.

शिमल्याच्या कचेरीत भारतीय कारकुनांच्या तुकड्या बसवून वॉकरने जगभरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायला सुरुवात केली. मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब, झांझिबारचा पाऊस, हिमालयातला बर्फ, नाईलचा पूर. एका जोडीचा गुणांक काढायचा म्हणजे कित्येक वर्षांचे आकडे कागद-पेन्सिलीने गुणायचे, बेरजा घ्यायच्या, पुन्हा पडताळायच्या. आज मोबाइलवर क्षणात होणारे हे काम तेव्हा दिवस खात असे. अशा शेकडो जोड्या तपासल्या गेल्या. हे करणाऱ्या कारकुनांची नावे क्वचितच कुठे छापली गेली, पण पगार सरकारी तिजोरीतून जात होता आणि तो दोन दशके जात राहिला. याच आकडेमोडीतून १९०९ मध्ये पहिले सूत्र तयार झाले. बर्फ, मॉरिशस, दक्षिण अमेरिका आणि झांझिबार हे त्यातले चार घटक. अनुभवी साहेबाच्या अंदाजपंचे मताची जागा आता कोणालाही तपासता येईल अशा गणिताने घेतली.

योगायोगाचा सापळा

या पद्धतीत एक मोठा धोका होता आणि तो वॉकरने स्वतःच वेळेवर ओळखला. शेकडो जोड्या तपासल्या, तर त्यातल्या काही नुसत्या योगायोगानेही छान जुळतात. शंभर जणांनी नाणी उडवली तर कोणीतरी सलग सहा वेळा छापा आणतोच. त्याला नाणे उडवण्याची कला साधली आहे असे म्हणणे मूर्खपणाचे. १९१४ मध्ये वॉकरने यावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि जितक्या जास्त जोड्या तपासाल तितकी खात्रीची अट कडक करा, हे गणिताने दाखवून दिले.

आजच्या आरोग्याच्या बातम्या वाचताना हाच नियम कामी येतो. अमुक फळ खाणाऱ्यांत तमुक आजार कमी, अशी बातमी येते, तेव्हा संशोधकांनी आणखी किती पदार्थ आणि किती आजार तपासून हा एक दाणा वेचला, हे विचारायला हवे. वॉकरच्या काळी हा प्रश्न विचारणारे जगात मोजके होते. आणि इथे तर त्याच्यावर निकाल दाखवण्याचा सरकारी दबाव होता. सूत्र जितके मोहक तितकी पुढच्या वर्षीच्या अनुदानाची सोय जास्त. तरीही त्याने आपल्या सूत्रांच्या मर्यादा छापून ठेवल्या. संकेत पुरेसा ठळक नसेल त्या वर्षी ठाम अंदाज देऊ नये, असे त्याचे मत होते. डॉक्टरने रुग्णाच्या नातेवाइकांना खोटा धीर देऊ नये आणि उगाच घाबरवूही नये, तसेच हे.

पंचाहत्तर रुपये

फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर कामानिमित्त मद्रासला गेला होता. तिथल्या पोर्ट ट्रस्टमध्ये काम करणाऱ्या एका कारकुनाच्या वह्या त्याला दाखवण्यात आल्या. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. शुद्ध गणितातली ती प्रमेये आपल्या प्रांताबाहेरची आहेत, हे वॉकरला कळले, आणि ती असामान्य आहेत हेही कळले. त्याने मद्रास विद्यापीठाला लिहून या तरुणाला पोटाची चिंता न करता काही वर्षे गणित करता येईल अशी सोय करावी, अशी शिफारस केली. त्यानंतर विद्यापीठाने रामानुजनला महिना ७५ रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. पदवी नसलेल्या माणसाला ती देणे नियमात बसत नव्हते, तरी दिली. पुढच्याच वर्षी रामानुजन केंब्रिजला गेले.

वॉकरच्या चरित्रात हा प्रसंग बाजूचा वाटेल, पण संशोधनाच्या पैशाकडे तो कसा पाहत असे, ते इथे स्पष्ट दिसते. उद्या काय हाती लागेल याची हमी न मागता योग्य माणसाला वेळ विकत घेऊन द्यायचा, हीच ती रीत. शिमल्यातल्या त्याच्या स्वतःच्या खात्यासाठी तो हेच मागत होता.

पाऊस, हिवताप आणि साथ

दुष्काळात माणूस उपाशी मरतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात उपासमारीने खंगलेल्या शरीरावर घाला घालतात ते हिवताप, पटकी, हगवण यांसारखे आजार. वॉकर शिमल्यात असतानाच १९०८ मध्ये पंजाबात मोठ्या पावसानंतर हिवतापाची भयानक साथ आली आणि सुमारे तीन लाख लोक दगावले. रिकर्ड क्रिस्टोफर्स या डॉक्टरने जुन्या नोंदी तपासून १९११ मध्ये दाखवले, की अशा साथी दोन गोष्टी एकत्र आल्या की उसळतात. एक अतिपाऊस आणि दुसरी महागलेले धान्य. पुढे १९२० च्या दशकात पंजाबच्या आरोग्य खात्याने पाऊस, धान्याचे भाव आणि मुलांच्या पाणथरीची वाढ पाहून हिवतापाच्या साथीचा आगाऊ अंदाज द्यायला सुरुवात केली. साथीच्या रोगांचे असे पूर्वानुमान जगात फार लवकर भारतात सुरू झाले. त्याला पाया लागला तो हवामान खात्याच्या पर्जन्यमापकांचा.

१९१८ साली हे सगळे एकाच वेळी कोसळले. मान्सून देशभर फसला आणि त्याच शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची साथ आली. मुंबई इलाखा सर्वांत जबर फटका बसलेल्या भागांपैकी एक होता. भारतात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. विषाणू पावसामुळे आला नव्हता, हे खरे. पण धान्य नाही, चारा नाही, दूध नाही, अशा गावात तो शिरला आणि अशक्त माणसे पटापट गेली. अंदाजाची किंमत अशा वर्षी कळते. आणि त्याची मर्यादाही कळते. दुष्काळ येणार हे ठाऊक असूनही कोठारातले धान्य आणि दवाखान्यातली माणसे वेळेवर हलली नाहीत, तर नुसत्या अंदाजाने कोणी वाचत नाही. वसाहतीच्या सरकारला अंदाज हवा होता त्यात शेतसाऱ्याची काळजीही मोठी होती, हे विसरून चालणार नाही.

महासागरांचा तराजू

वर्षांमागून वर्षे आकडे जुळवताना वॉकरच्या तक्त्यांत एक आकृती पुन्हा पुन्हा उमटू लागली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला, ऑस्ट्रेलियापासून भारतापर्यंत, तो घटतो. इकडे वाढला की तिकडे घटतो. हजारो मैल लांबीचा जणू एक तराजू वरखाली होत होता. हिंदी महासागराचे पारडे खाली, म्हणजे दाब कमी असेल त्या वर्षी भारतात पाऊस सहसा चांगला. या हेलकाव्याला त्याने १९२४ मध्ये दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांतवरचे असेच दोन छोटे हेलकावेही त्याने वेगळे काढले.

एका देशाच्या पावसाचा अंदाज करायला बसलेला माणूस अशा रीतीने साऱ्या पृथ्वीच्या हवेचा नकाशा घेऊन उठला. पण ज्या कामासाठी सरकारने त्याला नेमले होते, ते काम अर्धेच झाले होते. मान्सूनची सूत्रे काही वर्षे बरी चालत, मग एखादा घटक अचानक साथ सोडे. त्यातच हा हेलकावा का होतो, हे वॉकरला सांगता येत नव्हते. कारण कळल्याशिवाय नुसत्या आकड्यांवर विसंबायचे कसे, अशी टीका समकालीन शास्त्रज्ञांनी केली. ती चुकीची नव्हती. रोगाची लक्षणे अचूक टिपली, पण रोगजंतू सापडला नव्हता.

१९२४ मध्ये वॉकर निवृत्त झाला. त्याला सर ही पदवी मिळाली आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तो हवामानशास्त्राचा प्राध्यापक झाला. तिथे दहा वर्षे शिकवले, जगाच्या हवामानावरचे निबंध लिहीत राहिला. त्याच काळात काळानुरूप बदलणाऱ्या आकड्यांचे विश्लेषण करणारी त्याची समीकरणे आली. आज ती ध्वनी आणि संदेशवहनाच्या तंत्रात वापरली जातात. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला. तोवर दक्षिणी आंदोलन हा पुस्तकातला एक विस्मृत कोपरा झाला होता.

उशिरा लागलेले फळ

वॉकरच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९६९ मध्ये, याकोब बर्कनेस या शास्त्रज्ञाने हरवलेला दुवा जोडला. पेरूच्या किनाऱ्याजवळ काही वर्षांनी समुद्र अचानक तापतो, हे तिथल्या कोळ्यांना पूर्वीपासून माहीत होते. त्याला ते एल निनो म्हणत. बर्कनेसने दाखवले, की मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचे पाणी तापले की पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे मंदावतात, हवा वर चढण्याची जागा पूर्वेकडे सरकते आणि वॉकरचा तराजू कलतो. समुद्र आणि हवा ही एकाच यंत्राची दोन चाके निघाली. विषुववृत्तावरच्या या वाऱ्यांच्या चक्राला बर्कनेसने वॉकरचे नाव दिले. मागे वळून पाहिले तेव्हा १८७७, १८९९, १९१८ ही भारताची काळी वर्षे एल निनोची होती, हे उलगडले. महाराष्ट्राच्या आठवणीत रुतलेला १९७२ चा दुष्काळही त्याच माळेतला.

म्हणून एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, असे नाही. १९९७ मध्ये शतकातला एक अतिबलवान एल निनो होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ मध्ये एल निनो तितका तीव्र नव्हता, अंदाज सामान्य पावसाचा होता आणि जुलैत पावसाने मोठी ओढ दिली. वॉकरनंतरच्या पिढीतले महासंचालक चार्ल्स नॉर्मंड यांनी तर एक विलक्षण निरीक्षण मांडले होते. भारतीय मान्सून पुढच्या काळातल्या जगाच्या हवामानाविषयी जितके सांगतो, तितके जगाचे आधीचे हवामान मान्सूनविषयी सांगत नाही. मान्सून हा फक्त ओढला जाणारा डबा नसून काही अंशी तोच इंजिन आहे.

याच नॉर्मंड यांच्या कारकिर्दीत, १९२८ मध्ये, हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणतात. वॉकरच्या कारकुनांचे कागद ज्या कचेरीत जन्मले तिची आठवण त्या नावात शिल्लक आहे. त्याच सुमारास जुन्या धरणाच्या जागी भाटघरचे नवे, मोठे लॉइड धरण पूर्ण झाले. पाणी साठवण्याची सोय आणि पाऊस ओळखण्याची सोय पुणे जिल्ह्यात अशी जवळजवळ एकदमच आली.

सुकाळातले अनुदान

हवामान संशोधनाच्या सरकारी पैशाचा इतिहास पाहिला तर एक खोड दिसते. चक्रीवादळ आणि दुष्काळानंतर १८७५ चे खाते. महादुष्काळानंतर हंगामी अंदाज. १८९९ नंतर वॉकर. १९८२-८३ च्या एल निनोने सगळ्या जगाला बेसावध गाठल्यावर प्रशांत महासागरात तापमान मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रांचे जाळे. भारतात २००२ आणि २००९ चे दुष्काळ पडून गेल्यावर २०१२ मध्ये मान्सून मिशन. रोग बळावल्यावरच दवाखान्याची पायरी चढणाऱ्या रुग्णासारखे हे वागणे आहे.

अलीकडे चित्र थोडे बदलले आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत महासंगणक आहेत. शिमल्याच्या कारकुनांना जन्म पुरला नसता एवढी आकडेमोड ते क्षणार्धात करतात. महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. भोर आणि वाईच्या मधल्या मांढरदेवीच्या डोंगरावर याच संस्थेने बसवलेल्या रडारने सह्याद्रीच्या ढगांचे पोट तपासले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मिशन मौसम या योजनेला दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपये मंजूर केले. रडार, उपग्रह, संगणक आणि संशोधन यांतून वादळ, वीज, अतिवृष्टी, उष्णतेची लाट यांचे अंदाज अधिक नेमके आणि अधिक छोट्या भागासाठी करायचे, असा तिचा हेतू आहे. गरज खरीच आहे. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. जिल्ह्यात मुसळधार पाऊस होणार, एवढे कळून भागत नाही. कोणत्या डोंगरावर आणि कोणत्या रात्री, हे कळायला हवे.

वॉकरच्या आयुष्याच्या हिशोबात पाहिले, तर दोन वर्षांची मुदत फार लहान आहे. त्याला वीस वर्षे मिळाली, त्यातली बरीचशी अंदाज चुकण्यात गेली, आणि त्याच्या मुख्य शोधाचा अर्थ लागायला आणखी ४५ वर्षे जावी लागली. दरवर्षी अचूक अंदाजाची पावती मागितली असती, तर ते काम १९१४ च्या आधीच बंद पडले असते आणि दक्षिणी आंदोलनाचा तो तक्ता कोणी काढलाच नसता. अशा कामाला पैसा देताना सरकारने काय तपासावे, हेही त्याच्या वागण्यातून घेता येते. चुका लपवल्या जातात की छापल्या जातात? नोंदी सलग ठेवल्या जातात का? आणि अंदाज ज्याच्यासाठी केला त्या शेतकऱ्यापर्यंत, धरणाच्या अभियंत्यापर्यंत, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत तो वेळेवर पोहोचतो का?

यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सलग नोंद. रोज सकाळी साडेआठला देशभर पर्जन्यमापकातले पाणी मोजले जाते. मागच्या शतकात कोणा अनोळखी माणसाने पावसात भिजत असाच आकडा वहीत लिहिला, म्हणून शिमल्यातल्या कारकुनाला तो गुणता आला. सुकाळाच्या वर्षी, कोणाचेच लक्ष नसताना, या वह्यांसाठी आणि त्या वाचणाऱ्या माणसांसाठी पैसा चालू ठेवणे एवढेच सरकारच्या हातात असते. पुढच्या दुष्काळाचा अंदाज त्याच वह्यांमधून निघणार आहे.